कोमोरोससमोरचं शून्य

रीमा, ती बादली ठेव खाली, कपडे कुठे पळून जात नाहीत. आणि दिपाली, तू पण ये इकडे सावलीत, कारण हे मी एकदाच सांगणार आहे आणि मधे थांबले तर परत जमणार नाही मला. बुधवारी, जेवणानंतर, पावणेतीन वाजले असतील, ऑफिसात आपा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाली, "भागी, हे शून्य कुठून आणलंस?" बस. एवढंच झालं. ओरडली नाही, काही नाही. तिच्या नखावर कुणाच्या तरी लग्नातली मेंदी अर्धी उरली होती, आणि स्क्रीनवर बोट दाबलं की भोवती कसे रंग फाकतात, तसे त्या शून्याभोवती फाकले, जांभळे, हिरवे. मी ते रंगच बघत बसले. खाली गोडाऊनला कंटेनर लागत होता, रिव्हर्सचा हॉर्न चालू, आपल्या काल्हेरला तो कधी बंद असतो म्हणा, पण त्या वेळी मला वाटलं की तो माझ्यासाठीच वाजतोय. कारण मला माहीत होतं ते शून्य कुठून आणलं. कुठूनच नाही. मीच टाकलं होतं. डबा उघडायच्या आधी, भूक लागली होती म्हणून.

तुम्हाला माझं काम अजून धड कळलेलं नाही, दिपाली तर सगळ्यांना सांगते की ही टायपिंग करते. टायपिंग नाही गं. ठाण्याची एक कंपनी आहे, तिची वेबसाइट आहे, तिच्यावर कोणतेही दोन देश घ्यायचे आणि एकमेकांच्या शेजारी उभे करायचे. लोकसंख्या, पाऊस, दवाखाने, रस्ते, जे म्हणाल ते. आकडे आम्ही भरतो, गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसून नऊ जण, आणि आपा ते तपासते. आपा म्हणजे मदीहा. ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी, पण ऑफिसात सगळे तिला आपा म्हणतात, मालक फरहानभाईसुद्धा, आणि त्याचे तर केस पिकलेत. बुधवारी माझ्याकडे आलं होतं लेसोथो आणि कोमोरोस. आफ्रिकेतले दोन छोटे देश. लेसोथो सगळा डोंगरात, चारी बाजूंनी एकच मोठा देश आणि मधे हा, ताटात वाटी ठेवल्यासारखा. कोमोरोस म्हणजे समुद्रातली बेटं. आणि दोघांची तुलना कशात करायची, तर कारखान्यातनं निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडमध्ये. हसू नकोस रीमा. म्हणजे हस, तो हसवायचाच गॅस आहे, दातवाले देतात ना हुंगायला, तोच. पण हवेत गेला की शंभर-एक वर्षं जात नाही, आणि कार्बनच्या अडीचशे पटीहून जास्त तापवतो. शेतातल्या खतातनं निघतो, तो वेगळा मोजतात. कारखान्यातला निघतो ॲसिड बनवताना, आणि नायलॉनचा कच्चा माल बनवताना. नायलॉन! आपल्या अख्ख्या भिवंडीत ज्याचा धागा लागतो ते. मी हे सगळं चहाच्या सुट्टीत वाचलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं वाचायला. मला खूप भारी वाटलं होतं, की इथे लूमवर सर्रकन धावणारा धागा आणि तिकडे आकाशात कुठेतरी त्याचा न दिसणारा धूर. असं मी सगळं वाचणारी पोरगी. आणि तरी बघा काय केलं.

आमच्या शीटमध्ये लेसोथोसमोर शून्य होतं. ते आलेलंच होतं, खाली टीप पण होती, की तपासलं, असा कारखाना नाही. कोमोरोससमोर रिकामं होतं. आणि आमच्याकडे रिकामी चौकट लाल दिसते. लाल राहिली की शीट पुढे जात नाही, क्वालिटीचा स्कोअर खाली येतो, आणि माझी ट्रायल शनिवारी संपत होती, तीन महिने, तुम्हाला माहितीच आहे, शनिवारी ठरणार होतं की मी कायम का नाही. मी त्या लाल चौकटीत शून्य टाकलं आणि ती हिरवी झाली. किती बरं वाटलं सांगू? पायातला काटा निघाल्यावर कसं अंग सैल पडतं, तसं. मग मी भेंडीची भाजी खाल्ली. खाली वेबसाइटचं वाक्य आपोआप तयार झालं होतं, "दोन्ही देशांचं उत्सर्जन शून्य. बरोबरी." ते पण मी वाचलं, आणि मला चांगलंच वाटलं की दोघं बरोबरीत सुटले, कोणी हरलं नाही.

"रिकामं होतं," मी आपाला म्हणाले. "म्हणजे काही नसणारच ना तिथे. बेटं आहेत ती. कोण कारखाना काढतंय?" ती माझ्या बाजूची खुर्ची ओढून बसली. तिला घाई होती, सहाला फाइल जायची होती, तिच्याकडे अजून चाळीस पानं पडलेली, तरी ती अशी बसली की जणू आम्ही दोघी बसची वाट बघतोय. म्हणाली, "आमच्या अब्बाच्या शेडमध्ये भिंतीवर फळा आहे. शिफ्ट संपली की मुकादम प्रत्येक लूमपुढे खडूनं लिहितो, किती मीटर निघालं. एकदा नवीन मुकादम आला, त्यानं बंद लूमपुढे शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी कारागीर भांडायला दारात. म्हणे, 'सेठ, ज़ीरो मतलब मैं खड़ा था और कुछ नहीं बुना. मैं तो गाँव में था, मैं था ही नहीं.' तेव्हापासून अब्बा काय करतात, बंद लूमपुढे आडवी रेघ मारतात. शून्य फक्त त्याला, जो उभा होता." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कोमोरोसमध्ये कोण उभं होतं, भागी?" मला त्या क्षणी तिच्या अब्बांची, कासमचाचांची शेड दिसली, मी कधी गेलेली नाही तिथे, पण दिसली, तो कापसाचा पांढरा भुरा सगळ्यांच्या भुवयांवर, आणि फळ्यावरची ती रेघ. आणि रेघेच्या मागून, मी बोलावलं नव्हतं, आमचा पाडा वर आला.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही असंच मला वाटायचं. मी चौथीत होते. पाड्यावर ताप आला होता, घरटी एक जण आडवा. धाकली, माझी बहीण, तेव्हा तीन वर्षांची, तिचं अंग असं तापलं होतं की मी तिच्या पोटाला हात लावून लगेच काढायची, तव्याला लावल्यासारखा. बाबानं तिला पाठीवर बांधलं आणि आम्ही खाली उतरलो, दोन तास, मी पुढे कारण मला वाचता यायचं म्हणून बाबा मला सगळीकडे पुढे घालायचा. खालच्या सरकारी ऑफिसात बाबा म्हणाला गाडी पाठवा वरती, लय जणांना हाय. तिथल्या माणसानं एक कागद काढला. माणूस वाईट नव्हता, त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, तुमच्या पाड्याचं सर्वेक्षण परवाच झालंय, बघा. बाबानं कागद माझ्याकडे दिला. "काय लिवलाय गो?" पाड्याचं नाव होतं, तापाचे रुग्ण असं होतं, आणि त्याच्यापुढे 'निरंक'. मी वाचलं, "निरंक." "मंजे काय?" मी म्हटलं, "काय न्हाय." बाबानं मान वळवून पाठीवर बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाय? मंग ही कोन हाय?" त्यानं ओरडून नाही विचारलं. खरंच विचारलं, त्याला वाटलं कागदाला माहीत असेल. वरती कोणी आलंच नव्हतं ना. ओढा भरला होता, तर खालच्याच दुकानात बसून कोणीतरी लिहिलं होतं. धाकली वाचली, तुम्ही बघितलंय तिला, तिला एका कानानं येत नाही ऐकू, ते त्या तापाचं. पण मला जे लागलं ते ते नाही. मला लागलं ते हे, की बाबानं विचारलं तेव्हा 'काय न्हाय' हे माझ्या तोंडातनं निघालं. शब्दाचा अर्थ बरोबर होता, पुस्तकात तोच दिलाय. आणि बुधवारी, एसीत बसून, पोट भरायच्या घाईत, तोच कागद मी परत लिहिला. एका अख्ख्या देशावर. आणि वर मला बरं वाटलं.

हे सगळं माझ्या डोक्यात चालू, आणि बाहेर आपानं फक्त बॅकस्पेस दाबला. चौकट परत लाल. तेवढ्यात फरहानभाई त्याच्या केबिनमधनं आला, हातात चहाचा कागदी कप. "आपा, क्या हुआ, फाइल अटकी क्यों?" आपानं सांगितलं. तो वाकून बघायला लागला, आणि मग एवढा हसला. "एक ज़ीरो के लिए? अरे आपा, कोमोरोसवाला कोण येणार आहे काल्हेरला चेक करायला? लाफिंग गॅस आहे, हसा आणि सोडून द्या." मी पण हसले, मला लाज वाटते सांगताना, पण मी हसले, कारण मालक हसला की ट्रायलवाली हसते. आपा नाही हसली. म्हणाली, "माझे नाना जहाजावर होते, भाई. कोमोरोसला, मोरोनीच्या बंदरात चार दिवस अडकले होते. सांगायचे, किनाऱ्यावर लवंगा वाळत घातलेल्या, सगळ्या गावाला वास. माणसं राहतात तिथे. रिकामं तर रिकामं जाऊ दे." फरहानभाई म्हणाला, "रिकामं सिस्टीम घेत नाही." "मग मॅडमला फोन लावा." "आणि एंट्री कोणाची लिहू? मेजर एरर आहे हा, नाव द्यावं लागतं. नाव आलं की ट्रायल तीन महिने पुढे, रूल तुलाही माहितीये." तेव्हा माझे कान असे गरम झाले. आपा म्हणाली, "चेकर मी आहे. माझं नाव द्या." एकदम साधं, पंखा लावा म्हटल्यासारखं.

फोन स्पीकरवर होता. मेघाली मॅडम, त्या ठाण्याच्या कंपनीच्या, एकदम फास्ट बोलतात. म्हणाल्या, "डेटा नसेल तर ते पानच उडवा, प्रॉब्लेम काय आहे?" मला वाटलं झालं, सुटलो, बरोबरच आहे, नाही तर नाही. आणि आपा काय म्हणाली माहितीये? क्लायंटला? म्हणाली, "उडवू नका मॅडम. पान राहू दे, आणि लिहा की मोजलेलं नाही." "रिकामं पान कोण वाचणार आहे, मदीहा?" "तिकडे राहतात ते वाचतील." फरहानभाईनं कप टेबलावर ठेवला, त्याचा आवाज मला अजून येतोय. दिपाली, तू म्हणतेस ना मला सगळ्यांची भुरळ पडते लगेच, मेट्रोतल्या अनाउन्समेंटवालीची पण पडते, असू दे, पण तू तिथे पाहिजे होतीस. तिचे हात मांडीवर होते आणि उजव्या हाताचं एक बोट दुसऱ्या हाताच्या नखावरची ती उरलेली मेंदी खरवडत होतं, थांबतच नव्हतं. म्हणजे ती पण घाबरली होती! मला आधी वाटायचं तिला भीती वाटतच नाही, आणि त्यामुळे मला ती जरा लांबची वाटायची. ते बोट बघितलं आणि ती मला एवढी आवडली की मला रडूच यायला लागलं. पलीकडे मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण हे शून्य टाकलं कोणी?" आपानं तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, "मी. भाग्यश्री. रिकामं होतं, मी न बघता टाकलं." माझा आवाज शाळेत हजेरी देतात तसा आला. मॅडम म्हणाल्या, "ओके. नोंद करा." आणि फोन बंद. फरहानभाईनं माझ्याकडे बघितलं, मग आपाकडे, आणि म्हणाला, "तुम दोनों को न, नेताजी लोगों के ऑफिस में बिठाना चाहिए, दो दिन में सरकार गिरेगी." आणि केबिनमध्ये जाऊन त्यानं एररच्या फॉर्मवर माझं नाव टाकलं.

म्हणून बुधवारी संध्याकाळी आपल्या खोलीवर मी जेवले नाही, रीमा, तू विचारलंस ना. पित्त नव्हतं. शनिवार गेला होता माझ्या हातातनं. पण पडल्या पडल्या मला ट्रायल आठवतच नव्हती, मला वाटत होतं, कोणीतरी बघितलं असेल. एवढी माणसं राहतात, लवंगा वाळवतात, त्यांच्यातल्या एकानं तरी कधीतरी बसून मोजलं असेल. मग गुरुवारी आणि शुक्रवारी माझं काम संपलं की मी शोधत बसायची. देश आपापले अहवाल देतात जगाच्या ऑफिसला, कुठला धूर किती. कोमोरोसचा सापडला, फ्रेंचमध्ये. दोनशेच्या वर पानं. मी मोबाइल स्क्रीनसमोर धरून एकेक पान मराठीत करून वाचत होते, आणि ते मराठी असं काही यायचं, की "बेटांच्या गाई पोट फुंकतात", आमच्या नऊ जणांतला शैलेश बाजूला बसून हसून लोळत होता. आपा एकदा मागे येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, तिच्या डब्यातलं एक सांदण माझ्या कीबोर्डच्या बाजूला ठेवून गेली. आणि शुक्रवारी, तक्त्यात, मला ती ओळ दिसली. ॲसिडचे कारखाने. पुढे आकडा नाही. दोन अक्षरं, एनओ. मी खाली बघितलं तर खुणांची यादी होती. एनओ म्हणजे असा कारखानाच देशात नाही, बघून खात्री केली. आणि बाजूलाच दुसरी खूण, एनई, म्हणजे आहे का नाही, किती आहे, मोजलेलंच नाही. दोन वेगळ्या खुणा, गं! सगळ्या जगानं बसून ठरवलेल्या. मी पळत आपाकडे गेले, "आपा, चाचांचा फळा! चाचांची रेघ तिकडे पण आहे, शून्यापासून वेगळी!" ती वाचायला लागली आणि तिचा हात तोंडावर गेला, आणि ती हसली, पहिल्यांदा त्या आठवड्यात, एवढी की डोळ्यांत पाणी. म्हणाली, "अब्बाला सांगते. बोलेंगे, मेरे से पूछा नहीं."

अहवालात खाली नावं पण होती, कोणी कोणी माहिती गोळा केली त्यांची. एक बाईचं नाव होतं, मला नीट उच्चारता येत नाही. मी तिला मनात उभी केली, पाऊस थांबायची वाट बघणारी, होडीतनं एका बेटावरनं दुसऱ्या बेटावर जाणारी, कोणाला तरी विचारणारी, इथे कारखाना आहे का हो, आणि तो म्हणतो नाही बाई, बघून घ्या, आणि ती खरंच बघून घेते. काही मिळत नाही आणि ती ते लिहिते. एवढ्या लांब जाऊन 'नाही' घेऊन येणारी बाई. मला तिचा हेवा वाटला, शपथ. आपानं सांगितलं, "आता टाक. तूच टाक." आणि मी त्या चौकटीत परत शून्य टाकलं. तेच शून्य. तीच चौकट, तोच हिरवा रंग, खाली तेच वाक्य, बरोबरी. बुधवारी आणि शुक्रवारी कोणी फोटो काढला असता तर फरक सापडला नसता. फक्त माझं बोट बटणावर जायला वेळ लागला, आणि मग टीप लिहिताना मी अहवालाचं पान घातलं, तक्ता घातला, आणि त्या बाईचं नाव दोनदा तपासून घातलं.

आता शनिवार. कालचं. अकराला मेघाली मॅडमचा मेल आला, फरहानभाईनं सगळ्यांसमोर वाचला, कप हातात, खूश होऊन. की आकडा मुळात बरोबरच होता, तर बुधवारची एंट्री चूक धरू नये, मेजर एरर काढून टाका. शैलेशनं टाळी वाजवली. फरहानभाई म्हणाला, "देखा? निकला ना ज़ीरो? मी काय म्हणत होतो! चल भाग्यश्री, मी एरर काढतो, सोमवारपासून कायम, पेढे कुठे?" आणि तो माझ्यासमोरच फॉर्म उघडून बसला, बाण त्या बटणावर. दिपाली, मला खूप पाहिजे होतं ते. खोटं नाही बोलणार. आईला फोनवर काय सांगायचं ते वाक्यसुद्धा तयार झालं होतं. मी आपाकडे बघितलं. ती तिच्या स्क्रीनकडे बघत होती, तिचं पान तपासत, आणि ती वळली नाही. तिनं वळून काही खुणावलं असतं, हो किंवा नाही, तर मी तेच केलं असतं आणि आयुष्यभर ते तिचं राहिलं असतं. ती वळलीच नाही. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल, तर हे.

"फरहानभाई," मी म्हटलं, "एरर राहू द्या."

"अगं बरोबर निघालं ना पण! पागल आहेस का?"

"शुक्रवारी बरोबर निघालं," मी म्हटलं. "बुधवारी मी बघितलंच नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला, कप अर्धा वर. मग मान हलवत त्यानं फॉर्म तसाच बंद केला. तीन महिने अजून. हं, आता बोला तुम्ही दोघी, येडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.